लिहायचं, सांगायचं नाही

घणसोलीत टाइल्सच्या दुकानावर दुसरा मजला,
तिथं आमचं कॉलेज. कॉलेज म्हणजे तीन खोल्या,
एक सांगाडा, ज्याच्या डाव्या पायाची करंगळी हरवलीय,
आणि एक रबरी हात.

त्या हाताला खांद्याच्या वर कुणी नाही.
आतल्या नळीत लाल शाईचं पाणी.
चार बॅचनी टोचून टोचून शीर इतकी सैल झालीय
की सुई कशीही घाला, रक्त येतं.
भोईर सिस्टर म्हणतात, हा फार समजूतदार पेशंट,
याच्यावर विसंबू नका गो.

वर्गात सगळ्यात थोरली मी. चौतीस.
रबाळ्याच्या कंपनीत अकरा वर्षं
गोळ्यांच्या पट्ट्या मोजून खोक्यात भरल्या.
कुठली गोळी कशावर, एकदाही विचारलं नाही.
कंपनी गेली वापीला. भिशी लागली,
तिच्यातून फीचा पहिला हप्ता.

तिसऱ्या महिन्यात एकमेकींचे हात.
आफरीननं बाही वर सारली
आणि खिडकीबाहेर बघत बसली.
एवढासा गोरा दंड, शीर कुठंच नाही.
माझ्या हातमोज्यात घामाचं तळं.
सिस्टर मागून आल्या. म्हणाल्या,
डोळे मिट. बोटानं बघ.
भाजी निवडतेस काय? हळू. दाब, सोड.
खाली उसळी मारील ती शीर.

मारली.
नळीत काळपट लाल चढत गेलं, खरंखुरं, कोमट.
आफरीन म्हणाली, झालं?
मी अजून दुखायची वाट बघतेय.

त्या आठवड्याचा गृहपाठ : घरातल्यांची नाडी.
पूर्ण एक मिनिट.
पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही,
सिस्टरनी फळ्यावर काट मारून दाखवली.
गुणाकारात माणूस हरवतो.

आबा कोपरखैरण्याच्या खोलीत जेवून टेकले होते.
बत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केट,
मनगटापासून कोपरापर्यंत शिरा सुतळीसारख्या वर.
आंधळ्यानंही रक्त काढावं असा हात.
त्यांनी तो पुढं केला तळवा वर करून,
हिशेबाच्या दिवशी मुकादमापुढं करतात तसा.

चौदा. पंधरा. सोळा.
आणि मग काहीच नाही.
आणि मग सतरा, धावत आल्यासारखा.
पुढं एकतीसला तसंच. बावन्नला तसंच.
घड्याळ बदलून पाहिलं. बोट बदललं.
पट्ट्या मोजताना एखादी कमी भरली
तर खोकं परत उघडायचो आम्ही.

किती भरली? आबा म्हणाले. बराबर हाय न्हवं?

पहिल्याच दिवशीचा धडा पाठ आहे मला :
आपण लिहायचं, सांगायचं नाही.
सांगणं डॉक्टरचं.
मी लिहिलं. वय अठ्ठावन्न. ठोके सदुसष्ट.
लय, याच्यापुढं छापलेले दोनच शब्द,
त्यातल्या लांब शब्दाभोवती गोल केला,
आणि वही मिटली.

उद्या खाडा टाकाल? मी विचारलं.
खाडा? लासलगावच्या दोन गाड्या लागणार हायत.
मग म्हटलं, परीक्षा आहे माझी.
वाशीच्या दवाखान्यात आपला एक माणूस न्यायचा असतो,
मोठे डॉक्टर त्याला तपासतात, पट्टी काढतात छातीची.
परीक्षा मार्चमध्ये आहे. माणूस कुणी मागितलेला नाही.

आबांनी पाणी प्यायलं, तांब्या ठेवला.
मार्क हायत त्याला?
दहा.
समदे मिळतील?
तुम्ही आलात तर.

सकाळी सहाला ते लग्नाचा शर्ट घालून
दारात उभे, दोन्ही बाह्यांची बटणं लावून.
मी डावं बटण सोडलं.
ही राहू द्या उघडी, म्हटलं.
बोटं तिथंच थोडी रेंगाळली,
आणि न ठरवता
मी मोजायला लागले.